पंचाहत्तर कोल्ह्यांची सोयरिक

कादोवाकींच्या घरात कोल्हे आहेत हे सगळ्या हिनोकुबो गावाला माहीत होतं. पाहिले मात्र कुणीच नव्हते, खुद्द कादोवाकींनीसुद्धा. फुसानो लहान असताना एकदा घराखालच्या पोकळीत सरपटत शिरली होती. तिथे तिला एक फुटका घडा, भावाचा हरवलेला चेंडू आणि ढीगभर कोळिष्टकं मिळाली. कोल्ह्याचा केससुद्धा मिळाला नाही. मोठा शोध लागल्यासारखी ती आईकडे धावत गेली, तर आई म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. शोधायला गेलीस म्हणजे असणारच, असं म्हणतील."

जपानातल्या इझुमोकडचे हे कोल्हे म्हणजे देवळापुढे ऐटीत बसलेले दगडी कोल्हे नव्हेत. हे मुंगसाएवढे, संख्येने पंचाहत्तर, आणि घराच्या फळ्यांखाली राहणारे. घरच्या माणसाने कुणावर दात धरला की त्यातला एक जाऊन त्या माणसाच्या पोटात मुक्काम ठोकतो, अशी समजूत. आणि अशा घरातली मुलगी सून करून आणली की तिच्या पाठोपाठ पंचाहत्तर कोल्हे सासरी येतात. एकदा आले की ते जात नाहीत. मग त्या घरालाही कुणी मुलगी देत नाही आणि त्या घरची कुणी करून घेत नाही. कादोवाकींच्या कुठल्यातरी पणजोबाचं भात शेजाऱ्यांपेक्षा जास्त पिकलं असणार, त्यामुळे कुणाच्या तरी पोटात दुखलं असणार, आणि ते दुखणं कोल्ह्यांच्या नावावर मांडलं गेलं असणार. फुसानोचा तरी तसा अंदाज होता.

गाव वाईट वागत होतं असं नाही. वाईट वागायलाही जवळ यावं लागतं. गावभर घरोघर फिरणारी सूचनांची पाटी शेजारीण कादोवाकींच्या हातात न देता कुंपणाच्या दगडावर ठेवायची आणि लांबूनच गोड आवाजात हाक मारायची. शरदात फुसानोची आई पर्सिमनची केशरी फळं सोलून, दोरीला टांगून सुकवायची आणि घरोघर वाटायची. लोक दोन्ही हातांनी घ्यायचे, कमरेत वाकून आभार मानायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच फळं बांबूच्या बेटापलीकडच्या ओढ्यात तरंगताना दिसायची. आई तरीही दरवर्षी वाटायची. हा चिवटपणा होता की वेडेपणा, हे फुसानोला सदुसष्टाव्या वर्षीही ठरवता आलेलं नव्हतं. आई गेल्यावर फळं मात्र तीही सुकवत राहिली, आणि एकटीच खात राहिली.

कारण लग्न झालं नाही. ठरलं होतं. सोएदांचा योशिनोबू आणि ती तालुक्याच्या शेतकी संस्थेत शेजारशेजारच्या टेबलांवर कामाला होते, आणि त्याने तिला स्वतः विचारलं होतं. नव्या काळात असल्या गोष्टी कोण मानतं, असंही तोच म्हणाला होता. मग एका दुपारी त्याची आई आली. दारात उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, किमोनोची बाहीसुद्धा चौकटीला लागू नये म्हणून हात अंगाशी धरून बोलली. म्हणाली, यंदा आमच्या मुलाचे ग्रह ठीक नाहीत. योशिनोबू आईबरोबर आला होता, पण वळणावरच थांबला होता. सायकल उलटी करून तो तिची साखळी बघत होता. साखळीला काही झालेलं नव्हतं. फुसानोला ते इतक्या लांबूनही कळलं, आणि त्यानंतर त्या माणसाविषयी आणखी काही जाणून घ्यावं असं तिला वाटलं नाही. फक्त एकच गोष्ट हवी होती. कधीतरी, कुणाच्या तरी समोर, त्याने म्हणावं की कोल्हे नव्हते. एवढ्याशा वाक्यासाठी ती चाळीसहून जास्त वर्षं त्याच गावात थांबली होती. गाव सोडून जायचं कारण विचारलं असतं तर तिच्यापाशी शंभर होती. राहायचं हे एकच.

तिचा भाऊ मात्र वेळीच ओसाकाला निघून गेला. बायकोच्या घरचं आडनाव लावलं, आणि कोल्ह्यांचा विषय काढायचा नाही अशी घरात ताकीद देऊन टाकली. त्याची मुलगी चिहारू सुट्टीत आत्याकडे यायची आणि नेमकं तेच विचारायची. मग फुसानो रंगवून सांगायची. कोल्हे रात्री फळ्यांखाली पत्ते खेळतात, हरलेला वर येऊन डाळीच्या सूपमधला तळलेला तोफू पळवतो, नवरी निघाली की आपापली गाठोडी पाठीला बांधून एका रांगेत तिच्यामागे चालतात. ज्या गोष्टीने तिचं आयुष्य खाल्लं, तिच्यावर त्या पोरीला खदखदून हसताना बघून तिला फार बरं वाटायचं.

चिहारू मोठी होऊन फोनवरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथे नवा प्राणी हवा होता. नऊ शेपट्यांचे, डोळ्यांतून ज्वाळा निघणारे कोल्हे बाजारात पैशाला पासरी झाले होते. चिहारूने मुंगसाएवढा, पाठीला गाठोडं बांधलेला, ओशाळल्या चेहऱ्याचा कोल्हा काढला आणि त्याचं नाव ठेवलं युकामारू. नियमही आत्याचेच घेतले. युकामारू विकत मिळत नाही, पकडता येत नाही. तो नवरीबरोबर येतो, नाहीतर मालकाने आपल्या हाताने दिला तर येतो. आला की पंचाहत्तरच्या पंचाहत्तर येतात, आणि मग कधीच जात नाहीत.

देशाला वेड लागलं. पोरांच्या दप्तरांना युकामारू, बँकेतल्या साहेबांच्या फोनला युकामारू, देवळात विकायच्या तावीजांवर युकामारू. चिहारूने कुठेतरी मुलाखतीत हिनोकुबोचं नाव घेतलं, आणि ज्या गावात पोस्टमनशिवाय कुणी येत नव्हतं तिथे बसमधून माणसं उतरू लागली. त्यांचा एकच प्रश्न असे: कोल्ह्यांचं घर कुठलं?

आणि काय सांगावं, गावाची स्मरणशक्ती एकाएकी जागी झाली. सूचनांची पाटी दगडावर ठेवणाऱ्या शेजारणीच्या सुनेला आठवलं की त्यांच्या आजेसासूच्या न्हाणीघरात काहीतरी खुडबुड करायचं. तांदळाची दारू, साके, गाळणाऱ्याने सांगितलं की आमच्याकडे तर पूर्वापार आहेत, बोललो नाही इतकंच. चहाच्या दुकानदाराने आपल्याकडे दोन पिढ्यांचे मिळून दीडशे असल्याचं जाहीर केलं. ज्या कोल्ह्यांपायी पोरींची लग्नं मोडली, त्यांच्यासाठी आता भरसभेत भांडणं होऊ लागली.

कंपनीने ठरवलं की गावातलं एक घर खेळात जसंच्या तसं दाखवायचं, त्याच्या दारावर खरी पाटी लावायची आणि दरवर्षी तिथे जत्रा भरवायची. चिहारू हे सांगायला स्वतः आली. घर अर्थातच आत्याचं, असं ती धरूनच आली होती.

"पाटी?" फुसानो म्हणाली. "अगं, माझ्या जन्माच्या आधीपासून लागलीये इथे. आणखी एक कशाला?"

"आत्या, तेव्हाची वेगळी. आता लोकांना हे आवडतं."

"त्यांना तुझा आवडतो. छान आहे तो. पण मी आयुष्यभर नाहीत नाहीत म्हणत आले, आणि आता आहेत म्हणून दारात उभी राहू? नाही जमायचं मला."

आपण काय विकलं हे चिहारूला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा नीट समजलं. तिने माफी मागितली, आणि फुसानोने तिच्या वाडग्यात आणखी शिंपल्यांचं सूप ओतलं. घर दुसरं शोधू, असं ठरलं.

दुसरं घर कुणाचं, यावर गावात फार चर्चा झाली नाही. योशिनोबू सोएदा आता ग्रामविकास मंडळाचा अध्यक्ष होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा टोकियोत, आणि घरात नात कानोको. सोएदांचं घर मोठं, कौलं चकचकीत, समोर बस उभी राहील एवढं अंगण. पण घोडं अडलं नियमापाशी. खेळणाऱ्यांना नियम पाठ होते, आणि सोएदांकडे नवरीबरोबर कोल्हे आले नव्हते. येऊ दिलेच नव्हते. कंपनीच्या लोकांनी नम्रपणे विचारलं, की तुमच्याकडे ते आले कसे?

तो दहावा महिना होता. सगळ्या देशातले देव त्या महिन्यात इझुमोला जमतात आणि कुणाचं कुणाशी जुळवायचं ते ठरवतात. अशा मुहूर्तावर योशिनोबू सोएदा, अंगात कोट आणि हातात केकचा डबा घेऊन, फुसानोच्या दारात आला. उंबरा ओलांडून आत आला. बूट काढून नीट बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले, बसला, हवेविषयी बोलला, आणि मग म्हणाला की गावाच्या भल्यासाठी आपण दोघांनी लग्न करावं.

फुसानोने चहा ओतायचं थांबवलं नाही. तिला वाटलं होतं की हा क्षण आला तर आपले हात थरथरतील. काही थरथरलं नाही, म्हणून तिला स्वतःचंच वाईट वाटलं.

"गावाच्या भल्यासाठी," ती म्हणाली.

"म्हणजे, नुसतं कागदोपत्री. तुम्ही तुमच्या घरी राहा. एक दिवस मिरवणूक काढू. कंपनी फोटो काढेल."

"आणि कोल्हे माझ्यामागून येतील."

"तेच तर," सोएदा खुलून म्हणाला. "नियमात अगदी चपखल बसतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस थट्टा करत नव्हता. तेव्हा कोल्हे नको होते म्हणून नवरी नाकारली, आता कोल्हे हवेत म्हणून नवरी पत्करायला तयार. दोन्ही वेळा त्याला ती अगदी सरळ गोष्ट वाटत होती. तिला हसू आलं. रडूही आलं असतं, पण त्याच्यासमोर नको म्हणून तिने हसूच ठेवलं.

"नवरी राहू द्या, सोएदा-सान. मालकाने आपल्या हाताने दिले तरी चालतात ना? देते मी."

सभा समाजमंदिरात भरली. कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आली. फुसानोने आईची फळं सुकवायची बांबूची टोपली आणली होती, वर गडद निळं फडकं बांधलेलं. टोपलीत काही नव्हतं. तिने ती अशी जपून आणली की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पाय आत ओढून घेतले. मग ती सोएदापुढे बसली आणि जमिनीला कपाळ टेकून म्हणाली की पंचाहत्तरही आहेत, सांभाळा. जेवताना पहिला घास त्यांचा. त्यांना मोजू नका. आणि जा असं कधी म्हणू नका, कारण ते जात नाहीत.

सोएदाने टोपली दोन्ही हातांत घेतली. टाळ्या झाल्या. त्याला ती जड लागत असल्याचं सोंगही त्याने छान वठवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दारावर पाटी लागली, अंगणात रांगा लागल्या, आणि तो पाठीवर कोल्हा छापलेला निळा अंगरखा घालून लोकांना घर दाखवू लागला. माझ्या आजीच्या वेळेपासून कोल्ह्यांची ओढ होती हो आमच्या घराला, असं तो सांगायचा. फुसानो रस्त्याने जाताना ते ऐकायची आणि जाम करमणूक करून घ्यायची.

पहिल्या थंडीत ती करमणूक संपली. कानोकोचं लग्न तळ्याकाठच्या होसोदांच्या मुलाशी ठरलं होतं. चांगलं घर, चांगला मुलगा. त्याच्या गाडीच्या किल्लीलाही युकामारूच लटकत होता. पण होसोदांच्या घरात शब्द चाले तो आजीचा. मध्यस्थ बाई एका सकाळी सोएदांकडे आल्या, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, बाही अंगाशी धरली आणि म्हणाल्या की यंदा मुलाचे ग्रह ठीक नाहीत.

सोएदाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते वाक्य त्याच्या आईचंच होतं.

तो फुसानोकडे आला तेव्हा अंगरखा घातलेला नव्हता. हातात ती टोपली होती.

"परत घ्या," तो म्हणाला.

"ते परत येत नाहीत. तुम्हीच तर बसभर लोकांना रोज सांगता."

"फुसानो, पोरगी तीन दिवस जेवलेली नाही. 'खेळ तो खेळ,' मी म्हणालो त्या होसोदांच्या म्हातारीला. तर म्हणाली, 'खेळात असू देत की, घरात कशाला? भरसभेत घेतलेत तुम्ही, सगळ्यांनी पाहिलं.' आता तूच सांग, मी काय करू?"

कितीतरी वर्षांनी तो तिला 'फुसानो' म्हणाला होता, आणि 'तू'. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आनंद झाला. खरं सांगायचं तर त्याला असं उभं बघून तिला गोड वाटलं, अगदी जिभेवर चव यावी इतकं. मग तिला कानोको आठवली. आदल्याच दिवशी ती पोर वळणावर, सायकलशी, कुणाचा तरी फोन येईल म्हणून उभी होती. त्या जागेवर कुणी उभं राहिलं की काय होतं हे फुसानोइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. कोल्हे नव्हतेच, तर ते त्या मुलीच्या मागे आपण कुठून लावले? टोपली आपणच बांधली होती. फडकंही आपणच निवडलं होतं. तिला स्वतःचा संताप आला.

"एकच मार्ग आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेच नव्हते, तर तुमच्याकडे येतील कुठून? हे तुम्ही जाऊन सांगा. मी शेजारी बसते."

सोएदाने मान खाली घातली. मग टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, चला.

होसोदांकडे जाताना फुसानोने सुकवलेल्या पर्सिमनचा डबा घेतला. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं, आणि आईची सवय सुटत नाही. होसोदा आजी नव्वदीला टेकलेली होती, गादीवर काटकोनात ताठ बसलेली. डबा समोर ठेवला तेव्हा तिने वाकून आभार मानले आणि एका बोटाने तो हळूच बाजूला सारला. तळंही मागच्या दारीच होतं, म्हणजे फळं कुठे जाणार तेही फुसानोला दिसलं.

सोएदा बोलायला लागला, पण गोल गोल. पाटी काढून टाकलीय, कंपनीला कळवलंय, तो केवळ मनोरंजनाचा कार्यक्रम होता. आजीने ते सगळं ऐकून घेतलं.

"पाटीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "या बाईंकडून तुम्ही घेतलेत. यांच्याकडे होते, हे तर आम्ही तळ्यापलीकडेसुद्धा ऐकून आहोत. आणि नव्हते म्हणता, तर तुमच्या आईने यांच्याशी ठरलेली तुमची सोयरिक का मोडली?"

फुसानो त्याच्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत होती, आणि ते आता थरथरत होते.

"नव्हते," सोएदा म्हणाला. "कादोवाकींच्या घरात कोल्हे कधीच नव्हते. आईलाही ते माहीत होतं. आई लोकांना घाबरली, आणि मी आईला घाबरलो. सायकलला काही झालं नव्हतं."

शेवटचं वाक्य होसोदा आजीला कळलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच.

इतकी वर्षं फुसानोने हे वाक्य मनात किती वेळा ऐकलं होतं. तिथे ते ऐकल्यावर नेहमी काहीतरी मोठं घडायचं. इथे किटली उकळत होती, सोएदा रुमालाने मान पुसत होता, आणि हे सगळं तो नातीसाठी बोलला होता, तिच्यासाठी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते येऊ दिलं.

आजीने तिच्याकडे मान वळवली. "खरं का हो?"

"नाहीत," फुसानो म्हणाली. "कधीच नव्हते. मी लहानपणी घराखाली जाऊन पाहिलंय."

आजीने तिला नीट निरखलं; त्या नजरेत विश्वासाचा मागमूस नव्हता. मग ती सोएदाकडे वळली आणि त्याचा कोट, पिकलेले केस, खाली घातलेली मान बघून घेतली.

"सोएदांसारखं घर म्हणतंय," ती म्हणाली, "म्हणजे नसतीलच."

तिने बोटाने डबा परत पुढे ओढला, झाकण काढलं, आतलं सर्वांत मऊ फळ निवडलं आणि खाल्लं. कादोवाकींच्या झाडाचं फळ चावून गिळणारं परकं माणूस फुसानो जन्मात पहिल्यांदा बघत होती.

"फार गोड आहे," आजी बोटं चाटत म्हणाली. "इतकी वर्षं कुठे होती ही?"

"ओढ्यात," फुसानो म्हणाली, आणि तिच्यासाठी आणखी एक काढून ठेवलं.